नवीन स्कूटरवाले: किरकोळ पडापडीनंतर तुम्ही नक्की काय करता?

रानजाई:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण घरी कोणाला सांगता येत नाहीये.
वय ४६. आयुष्यात सायकल सोडून काही चालवलं नव्हतं. मुलगा नोकरीला बेंगळुरूला गेला आणि त्याची ११० सीसीची स्कूटर पार्किंगमध्ये धूळ खात पडली. जूनपासून माझी बदली धायरीच्या शाळेत झालीय, कोथरूडहून बस बदलत सव्वा तास जातो. म्हणून मनाचा हिय्या केला, लर्निंग काढलं, महिनाभर मैदानात गिरवलं, आरटीओत आठ काढून दाखवला, पक्कं लायसन्स मिळालं. त्याला तीन आठवडे झाले आणि या तीन आठवड्यांत तीनदा पडलेय.
पहिल्यांदा सोसायटीच्या उतारावर. वळवायला थांबले, पाय खालच्या बाजूला टेकवायला गेले तर तो पोचलाच नाही, गाडी अलगद आडवी. वॉचमनदादांनी उचलली.
दुसऱ्यांदा भाजी घ्यायला थांबले होते. उतरून बाजूला उभी होते पण गाडी चालूच होती. पिशवी हुकला अडकवताना उजव्या हाताने हँडल धरलं आणि ॲक्सिलरेटर पिळला गेला. गाडी माझ्याशिवायच पुढे गेली आणि टोमॅटोच्या क्रेटवर आदळली. भाजीवाल्या मावशी आधी माझा हात धरायला धावल्या, टोमॅटो नंतर गोळा केले. पैसे दिले तर अर्धेच घेतले त्यांनी.
तिसरी मात्र लागली. गल्लीत एका बांधकामापाशी वळणावर वाळू सांडलेली, समोरून रिक्षा आली, मी घाबरून उजवा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सरकलं. गुडघा सोलवटला, डाव्या ब्रेकच्या दांडीचं टोक मोडलं, पॅनेलवर ओरखडे आणि जाता जाता एका उभ्या कारच्या मागच्या बंपरला हँडल घासलं. एका मुलाने गाडी उचलून दिली. मी वीस मिनिटं थांबले, कारजवळ कोणी आलं नाही, शेवटी वहीच्या पानावर नाव नंबर लिहून वायपरखाली ठेवला. संध्याकाळी धो धो पाऊस आला. फोन आलेला नाही.
या गोष्टीला पाच दिवस झाले, गाडीला हात लावलेला नाही. गुडघा सलवारखाली लपवतेय. गाडी एकटीने उचलायची कशी, पडल्यावर गाडीत काय बघायचं, इन्शुरन्सला सांगायचं का, आणि मुख्य म्हणजे परत बसायचं कसं, कोणी अनुभव सांगाल का?

टिंब:
बापरे, काळजी घ्या. चिठ्ठी ठेवलीत हे फार आवडलं.

पाटलाची_पोर:
ताई काय घाबरू नगा. कोल्हापुरात आमच्या गल्लीत गाडी शिकून न पडलेली एक बाई दाखवा, मी तिला माझ्या घरी जेवायला बोलावते. मी स्वतः रंकाळ्यावर शेंगदाणेवाल्याच्या समोर पडले होते, उभ्या गाडीवरनं. सगळ्यात जास्त लागतं ते "लोकांनी बघितलं" हे. गुडघा आठ दिवसात बरा हुतो.

डॉक्टर_कैरी:
पाटलाची पोर, गुडघा आठ दिवसांत बरा होतो पण नीट धुतला असेल तर. रानजाई, आधी हे सांगा, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतली होती का? रस्त्यावरची वाळू आत राहिली तर चिघळते. हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट यातलं काही लावलं असेल तर धुऊन काढा. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत? मातीची जखम असेल आणि मागच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तर घ्यावं लागतं. आजच जवळच्या दवाखान्यात दाखवा, पाच दिवस झालेत म्हणून टाळू नका. भोवती लाली वाढतेय, ठणका वाढतोय, ताप आलाय असं काही असेल तर अजिबात थांबू नका.
डोकं आपटलं होतं का?

रानजाई:
डॉक्टर, धुतलं होतं, पण इंजेक्शन मुलाच्या वेळेस घेतलेलं तेवढंच, म्हणजे २४ वर्षं झाली. आज संध्याकाळी जाते. डोकं आपटलं नाही पण हेल्मेटचा डावा कान फुटपाथच्या कडेला लागला. टक् असा आवाज आला. तेव्हा काही वाटलं नाही.

डॉक्टर_कैरी:
पाच दिवसांत उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी असं काही नाही ना? मग त्या बाबतीत फार चिंता नको. पण असं डोकं आपटलं तर पहिले २४ तास घरात कोणाला तरी माहीत असावं, हे लपवण्याचं प्रकरण नाही. आणि ते हेल्मेट बदला. बाहेरून एक चरा दिसतो, पण आतला थर्माकोल दबला असेल तर पुढच्या वेळी तो काम करणार नाही. नवीन घेताना आयएसआय मार्क बघा, आयएस ४१५१ लिहिलेलं असतं.

चक्रधर:
माझं गॅरेज आहे त्यामुळे गाडीचं मी सांगतो. पडल्यावर सगळ्यात पहिलं काम म्हणजे चावी बंद. गाडी आडवी पडलेली असताना चालू असेल तर मागचं चाक फिरत असतं आणि उचलताना हात नेमका ॲक्सिलरेटरवर जातो, टोमॅटोवाला प्रकार परत होतो.
मग उचलणं. स्कूटर शंभर सव्वाशे किलोच्या आसपास असते, वाकून हाताने ओढाल तर कंबर जाईल. गाडीकडे पाठ करा, खाली बसून कुल्ले सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हाताने मागचा ग्रॅब रेल (मागे बसणारा धरतो तो दांडा). पाठ सरळ ठेवा आणि पायाच्या जोरावर मागे मागे लहान पावलं टाका, गाडी आपोआप उभी होते. उजवीकडे पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड काढून ठेवा नाहीतर उचलून पलीकडे पडते, हे मी दहा वेळा बघितलंय. उतार असेल तर डाव्या ब्रेकची क्लिप लावा.
उभी केल्यावर बघायचं काय: ॲक्सिलरेटर पिळून सोडा, स्वतःहून मागे येतोय का? पडल्यावर मूठ आत दाबली जाते आणि ॲक्सिलरेटर अडकतो. हे कोणीच बघत नाही आणि हेच सगळ्यात धोक्याचं. चावी बंद असतानाच बघा. मग दोन्ही ब्रेक, मग पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल सरळ आहे का. वाकडं वाटलं तर फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) किंवा कोनसेट (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) बघून घ्यावा लागेल. आरसा, इंडिकेटर शेवटी. नव्या इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्यांना सेन्सर असतो, आडवी पडली की इंजिन बंद. ती सेल मारून सुरू होत नाही म्हणून लोक घाबरतात. चावी बंद करून परत चालू करा, होते सुरू. जुनी कार्ब्युरेटरवाली असेल तर पाचदहा मिनिटं उभी राहू द्या, पेट्रोल जास्त झालेलं असतं.
ब्रेकच्या दांडीचं टोक मोडलंय म्हणालात, तशी चालवू नका. त्या टोकाला गोळा असतो तो हात घसरू नये आणि दांडी अंगात घुसू नये म्हणून. स्वस्तातलं काम आहे, दहा मिनिटांत बदलून मिळते.

सातबारा:
चक्रधर, ॲक्सिलरेटरचा मुद्दा खरंच माहीत नव्हता. धन्यवाद.

स्पष्टवक्ता:
राग मानू नका पण एक विचारतो. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये ४६व्या वर्षी नव्याने शिकायची गरज आहे का? सिंहगड रोडची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. तीन आठवड्यांत तीनदा म्हणजे गाडी तुम्हाला सांगतेय काहीतरी. शेअर रिक्षा बघा, एखादी सहकारी शिक्षिका त्या बाजूला जात असेल तर तिच्या मागे बसा. माझ्या बायकोला मी हेच सांगितलं.

घाटमाथा:
स्पष्टवक्ते, तुमच्या बायकोने काय उत्तर दिलं तेही लिहा :)
रानजाई, तिन्ही वेळा वेग किती होता बघा. दोनदा शून्य, एकदा फार तर पंधरा. हे ट्रॅफिकमुळे पडणं नाही, हे कमी वेगातल्या तोलाचं पडणं आहे आणि ते सरावाने जातं. मैदानात आपण सरळ आणि गोल फिरतो, पण थांबणं, उतारावर वळवणं, हाताने ढकलून पार्क करणं हे कोणी शिकवतच नाही. आणि सगळे पडतात तिथेच.

वऱ्हाडी_ठेचा:
घाटमाथाला अनुमोदन. मी नागपूरची, पन्नासाव्या वर्षी शिकली. आमच्या इथे रस्ते रुंद पण डिव्हायडरमधून कोण कुठून निघून येईन सांगता येत नाही. पहिल्या महिन्यात मी पण पडली, पेट्रोल पंपावर, जमिनीवर ऑइल सांडलं होतं तिथेच पाय टेकवला. नंतर आमच्या मैत्रिणीनं एकच गोष्ट करून घेतली माझ्याकडून. कॉलनीत रोज पंधरा मिनिटं चालण्याच्या वेगानं गाडी चालवायची, ॲक्सिलरेटर थोडासा देऊन ठेवायचा आणि डावा ब्रेक हलका धरून ठेवायचा, नजर चाकाकडे नाही, लांब. पंधरा दिवसांत फरक पडला. आता मी कामठीपर्यंत जाऊन राहिली.

कोकणकडा:
उतारावर थांबताना नेहमी चढाच्या बाजूचा पाय टेकवायचा, तो लवकर पोचतो. आणि उंची कमी असेल तर सीटवर पुढे सरकून बसा, पुढे सीट अरुंद असते, तेवढ्याने पाय दीड-दोन इंच खाली जातो.
वाळूबद्दल. वाळूत ब्रेक लावायचा नाही हे सगळे सांगतात, पण मग लावायचा कधी? वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरलात की ब्रेक सोडून द्यायचे आणि निघून जायचं. २०१९च्या एप्रिलनंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरना कॉम्बी ब्रेक असतो, डावा दाबला की दोन्ही चाकांना लागतो. उजवा फक्त पुढच्या चाकाला. तुम्ही घाबरून उजवा दाबलात म्हणून पुढचं चाक सरकलं. सवयीने डावा आधी यायला हवा, उजवा त्याच्या जोडीला.

सुपारीबाग:
मी फोंड्याची. आमच्याकडे वाळूपेक्षा शेवाळ. जुलैत चिऱ्याच्या भिंतीच्या कडेने रस्ता हिरवा होतो आणि सकाळी ऊन नसतं तेव्हा दिसतही नाही. मी दोनदा पडले, दोन्ही वेळा कडेला गाडी घेताना. पावसाळ्यात रस्त्याची कड आपली नाही असं समजून चालवते. तुमच्याकडे गुलमोहराची फुलं पडतात त्यांचंही तेच, पहिल्या पावसात चिखल होतो त्यांचा. झेब्राचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणंसुद्धा.

आजोबा_६८:
तुमच्या सगळ्यांच्या गोष्टी वाचून १९८८ आठवलं. मी साताऱ्याला होतो. सौभाग्यवतींना लुना शिकवली, तेव्हा गावात दोन-तीन बायका गाडी चालवायच्या. पेडल मारून सुरू करायची, पेडल मारतानाच तोल जायचा. मग किनेटिक होंडा घेतली, बटण दाबलं की सुरू, गिअर नाही, त्या काळी ते अप्रूप होतं. पहिल्याच आठवड्यात ती राजवाड्यापाशी एका टांग्याला जाऊन धडकली. घोड्याला काही झालं नाही. टांगेवाल्याने हिला पाणी दिलं, बसवलं, आणि म्हणाला वहिनी थोडं थांबून मग जा, हात थरथरतायत तुमचे. ती अर्धा तास थांबली आणि मग स्वतः चालवत घरी आली. पुढे २२ वर्षं चालवली तिने.

सातबारा:
आजोबा, किती छान.

टिंब:
इथे माझं थोडं वेगळं मत. "पडल्यावर लगेच बसा नाहीतर भीती बसते" असं सगळे म्हणतात, माझ्या बाबतीत ते चुकीचं ठरलं. मी पडले आणि लगेच मैत्रिणीच्या सांगण्यावरून गाडी घेऊन निघाले, पुढच्या सिग्नलला परत पडले, कारण पाय लटपटत होते. आजोबांच्या टांगेवाल्याने जे सांगितलं तेच बरोबर, आधी बसा, पाणी प्या, हात शांत होऊ देत. दुसऱ्या दिवशी सकाळी बसलं तरी चालतं. पण पाच दिवसांचे पंधरा होऊ देऊ नका.

हिशोबनीस:
इन्शुरन्सचं कोणी बोललं नाही म्हणून. माझं कामच ते आहे.
पॅनेलचे ओरखडे आणि ब्रेकची दांडी यासाठी क्लेम करू नका. प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात (झिरो डेप म्हणजे घसारा न कापणारं कव्हर घेतलं नसेल तर), शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, तो पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत वाढत ५० पर्यंत गेलेला असतो. किरकोळ खर्चासाठी तो घालवणं परवडत नाही. मोठं काही असेल, फोर्क वाकला वगैरे, तर दुरुस्तीला हात लावायच्या आधी कंपनीला कळवायचं, आधी दुरुस्त करून मग बिल दाखवलं तर अडचण येते.
आता महत्त्वाचं. गाडी मुलाच्या नावावर आहे. तुमच्याकडे लायसन्स आहे म्हणजे क्लेमला अडचण नाही. पण पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघाताचं कव्हर फक्त नोंदणीकृत मालक चालकाला लागू होतं, तुम्हाला नाही. एक तर गाडी तुमच्या नावावर करून घ्या किंवा वेगळी अपघात पॉलिसी काढा. शिवाय पॉलिसी चालू आहे का ते बघा. १ सप्टेंबर २०१८नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा सक्तीचा विमा) पाच वर्षांची मिळते, लोक ती एकदा घेऊन विसरतात आणि सहाव्या वर्षी गाडी बिनविम्याची फिरत असते.

रानजाई:
हिशोबनीस, तुमचं वाचून आत्ता खाली जाऊन डिकीतले कागद काढले. थर्ड पार्टी मागच्या महिन्यात संपलीय. अंगावर काटा आला. मी तीन आठवडे विम्याशिवाय चालवत होते. आत्ता मुलाला फोन केला, त्यामुळे पडल्याचंही सांगावं लागलं. तो ओरडेल वाटलं होतं, पण तो गप्पच झाला आणि म्हणाला आई मी शनिवारी येतो. ऑनलाइन पॉलिसी भरून झाली. इंजेक्शनही घेतलं.

शिक्का:
त्या कारच्या मालकाचं काय झालं? खरं सांगू का, उभ्या कारला घासलं तर लोक मागे वळूनही बघत नाहीत. तुम्ही चिठ्ठी ठेवलीत, पावसात भिजली, विषय संपला. आता उगाच शोधत जाऊ नका, लोक हजारांचं बिल लावतात.

पाटलाची_पोर:
शिक्का, हे काय पटलं नाही बघा.

चष्माधारी:
मलाही नाही. माझी गाडी गेल्या वर्षी सोसायटीबाहेर उभी होती, कोणीतरी अख्खं दार खरवडून गेलं. खर्चापेक्षा राग याचा आला की कोणी एक शब्द बोललं नाही. महिनाभर मी प्रत्येक स्कूटरकडे संशयाने बघत होतो. रानजाई, तुम्ही परत जाऊन भेटाच. बंपरवर हँडलची रबरी मूठ घासली असेल तर बऱ्याचदा काळा डाग असतो, ओरखडा नाही, पुसला की जातो. आणि समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून गाडीचं नुकसान भरून घ्यायचं तर ट्रिब्युनलपर्यंत (अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापर्यंत) जावं लागतं, एवढ्याशासाठी कोणी जात नाही, माणसं आपसात मिटवतात.

माहेरवाशीण:
थोडं विषयांतर. शाळेत जाताना साडी की ड्रेस? साडी असेल तर पदर खोचून कमरेला घट्ट, ओढणी असेल तर मागे गाठ मारून वर जॅकेट. माझ्या जावेची ओढणी मागच्या चाकात गेली होती, गाडी थांबली म्हणून निभावलं. मागच्या चाकाला साडी गार्ड असायलाच हवा, केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे त्याबद्दल. मुलं दिसायला नको म्हणून काढून टाकतात. तुमच्या मुलाने काढला नाहीये ना बघा.

रानजाई:
काढलाय!! आत्ता बघून आले. चक्रधर, परत लावून मिळतो ना?

चक्रधर:
मिळतो. दांडी बदलायला जाल तेव्हाच सांगा. आणि जाताच आहात तर टायरमधली हवा बघून घ्या. मुलगा गेल्यापासून उभी होती म्हणजे कमी असणार. पुढच्या चाकात हवा कमी असली की हँडल जड होतं आणि वळताना गाडी आत पडते. हँडलच्या आसपास किंवा मागे स्टिकरवर किती हवी ते लिहिलेलं असतं.

घाटमाथा:
हे बघा स्पष्टवक्ते, हवा कमी, साडी गार्ड नाही, विमा संपलेला, कोणी नीट सांगितलं नाही. यात वयाचा संबंध कुठे आला?

स्पष्टवक्ता:
मान्य. मी घाईने लिहिलं. बायको म्हणाली होती, "शिकवणार नसाल तर क्लास लावते." लावला. आता रोज मंडईत जाते गाडीने. तिला आज हा धागा दाखवला तर म्हणाली त्यांना सांग, पहिले तीन महिने मागे कोणाला बसवायचं नाही, भाजीची पिशवीसुद्धा हँडलला लटकवायची नाही, तोल एका बाजूला जातो.

रानजाई:
मंडळी, दहा दिवसांनी लिहितेय.
मुलगा आला होता. रविवारी पहाटे सहाला आम्ही दोघं मैदानात गेलो. मी गाडी चार वेळा मुद्दाम आडवी केली, खाली जुनी गादी टाकून, आणि पाठ लावून उचलली. पहिल्या दोनदा मुलाने हात लावला. तिसऱ्यांदा एकटीने उचलली तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या आणि बाजूला क्रिकेट खेळणारी मुलं पण थांबून बघत होती. मग वऱ्हाडी ठेचा यांचा चालण्याच्या वेगाचा सराव. हवा पुढे फक्त १२ होती! भरल्यावर गाडी वेगळीच वाटली. दांडी बदलली, साडी गार्ड लावला, हेल्मेट नवीन.
कारचं. त्या गल्लीत परत गेले, शेजारच्या दुकानात विचारलं. एक वयस्कर गृहस्थ आहेत. चिठ्ठी त्यांना मिळाली होती, नंबरचे शेवटचे तीन आकडे पुसले गेले होते. ती त्यांनी वाळवून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती, मला दाखवली. काळा डाग त्यांनी पुसलाय, एक ओरखडा आहे. पॉलिश करून बिल पाठवतो म्हणाले. काल आलं, सहाशे रुपये. लगेच पाठवले.
सोमवारपासून शाळेत गाडीने जातेय. मुख्य रस्ता टाळून आतून जाते, थोडं लांब पडतं पण ३५ मिनिटांत पोचते. त्या वळणावर अजून पोटात गोळा येतो. काल तिथे थांबून त्या बांधकामाच्या सुपरवायझरला वाळू झाडायला सांगितली.

पाटलाची_पोर:
ताई!!! झाडली का त्यानं?

रानजाई:
आज सकाळी झाडलेली होती. उद्या परत बघते.